मैदानाकडे पाठ

प्रिय डोर्कस,

मी, कैबेल तुमुन, वय अदमासे चौऱ्याहत्तर, शिक्षण मिशनच्या शाळेत इयत्ता चौथी उत्तीर्ण, राहणार कोम्बुगा, नदीचा उगवतीकडचा काठ, हुद्दा ग्रामन्यायालयाचा प्रमुख न्यायाधीश, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना खालील मजकूर स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पत्राची ही सुरुवात वाचून तू नाक मुरडशील, हे मला ठाऊक आहे. लहानपणी तू माझी नक्कल करायचीस. आईपुढे ताठ उभी राहून, "मी, डोर्कस, वय नऊ, रताळं मी खाल्लेलं नाही," अशी जबानी द्यायचीस आणि तेव्हा तुझ्या हनुवटीला रताळे चिकटलेले असायचे. तुझी आई हसायची. मी हसत नसे, कारण खोट्या जबानीला हसणे मला मान्य नव्हते. आज मला दुसऱ्या कोणत्याही रीतीने खरे सांगता येत नाही, म्हणून याच रीतीने सांगतो. तू धीराने वाच.

अंतिम सामन्याच्या दिवसापासून तू पुलाच्या अलीकडे पाऊल ठेवलेले नाहीस. तुझ्या नवऱ्याची, कोइमची भुवई दगडाने फुटली, तेव्हा त्याला धरून पुलाच्या मधोमध तू थांबलीस आणि आमच्या काठाकडे तोंड करून ओरडलीस, "आजपासून माझं माहेर मेलं!" ते मी ऐकले. नंतर पायसबरोबर तुझा निरोप आला: "बाबांना सांग, टँगेट ओलांडून पहिला पाय कोणी टाकला आणि माझ्या जेरोमच्या पायाला शाप कोणी दिला, ते नाव शोधून काढा. आजोळच्याच कोणाचं तरी तोंड होतं ते, परक्याचा शब्द लागत नाही. नाव कळू दे, मग माहेराचं काय करायचं ते मी ठरवीन." न्यायाधीशाकडे अर्ज आला की उत्तर देणे त्याच्यावर बंधनकारक असते. हे पत्र म्हणजे ते उत्तर होय. त्यास विलंब झाला. विलंबाचे कारणही पुढे येईल.

त्या दिवशी सकाळी मैदानाच्या चारी बाजूंनी टँगेटच्या तांबड्या फांद्या मी माझ्या हाताने खोचल्या. टँगेट खोचलेले असेल तिथून पुढे राग न्यायचा नाही, हे आपल्या खोऱ्यात रांगत्या पोरालाही कळते. पण रग्बी लीगचा सामना असला की म्हाताऱ्यांनाही कळत नाही. मागे एकदा अशाच एका पराभवानंतर आपल्या लोकांनी गोलाचे खांब कुऱ्हाडीने तोडले आणि तुमच्या काठावरची कॉफीची रोपे उपटली. तेव्हा हा नियम मी बसवला. शिक्षाही मीच ठरवली. दंड म्हणून डुक्कर घेण्यात अर्थ नव्हता; डुक्कर वडील देतात आणि मस्ती पोरे करतात. म्हणून असे ठरले की, जो टँगेट ओलांडील त्याने पुढचा सबंध हंगाम प्रत्येक सामन्याला यायचे, सर्वांच्या देखत पहिल्या रांगेत बसायचे, आणि मैदानाकडे पाठ करायची. मान वळवायची नाही. सगळे ऐकायचे, काहीही बघायचे नाही. दोन्ही काठांनी या शिक्षेला मान डोलावली आणि माझा लौकिक वाढला.

ही शिक्षा प्रथम भोगली ती तुझ्या चुलतभावाने, पायसने. तू पाहिले आहेस. तो नुसत्या आवाजावरून सामना सांगायचा. "हा उसासा ऐकलात? चेंडू हातातून सुटला. आपल्याच कोणाचा तरी. परक्याचा सुटला की लोक उसासा टाकत नाहीत, शिट्ट्या मारतात." शेंगा विकणाऱ्या बायका हसून बेजार व्हायच्या. परंतु एकदा परतताना तो मला म्हणाला, "काका, त्यापेक्षा कुऱ्हाडीचा दांडा घातला असतात तर परवडलं असतं. समोर सगळ्यांचे चेहरे दिसतात हो. सगळे उठून नाचतात, अन् माझ्या पाठीमागं काय झालं ते मलाच ठाऊक नाही." मी न्यायाधीशाला शोभेल असे उत्तर दिले. म्हणालो, नियम हा नियम असतो.

आता सामन्याविषयी. तू तिथे होतीस, तरी जबानीत काही गाळता येत नाही. आपल्या काठाने करंडक जिंकून इतका काळ लोटला आहे की, आताच्या खेळाडूंपैकी कोणी तेव्हा जन्मलेला नव्हता. यंदा आपण जिंकणार, अशी सर्वांची खात्री होती. इतकी की, सकाळीच मेजवानीचा खड्डा खणून ठेवला होता, दगड रचले होते, केळीची पाने धुतली होती आणि चार डुकरे खुंट्याला बांधली होती. तुझी आई म्हणाली, "दगड तापवायच्या आधी निदान नाणेफेक तरी होऊ द्या." तिच्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

जेरोम तुमच्या काठाकडून खेळणार, याविषयी माझी तक्रार नव्हती. पोरगा बापाच्या कुळाचा. परंतु तू आजारी होतीस त्या साली तो आमच्याकडे राहिला, तेव्हा रताळ्याचे वेल केळीच्या सोपटात गुंडाळून पहिला चेंडू त्याला मी करून दिला होता. नातवाने आजोबाला म्हणावे तसा तो मला बुबू म्हणत मागेमागे असे. चेंडू डाव्या काखेत धरायचा आणि उजवा हात मोकळा ठेवायचा, हे त्याला मी शिकवले. आपल्या परसातल्या उतारावरून तो धावत सुटला की त्याचे कोपर तुझ्यासारखे बाहेर यायचे. तू पाण्याचे भांडे घेऊन तशीच धावायचीस. त्या दिवशी तो मैदानात उतरला तेव्हा त्याने गर्दीत मला शोधले आणि भुवया उंचावल्या. मीही उंचावल्या. हे कोणाला दिसले नाही, असे मला वाटते.

चेंडू ज्यांच्या हाती त्यांना सहा पकडी मिळतात. सहा वेळा जमिनीवर पाडले गेले की चेंडू दुसऱ्यांचा. या पकडी मोजणे हे पंचांचे काम. परंतु मी नेहमी बोटे मिटून स्वतः मोजतो, आणि कैबेलची बोटे चुकत नाहीत असा माझा लौकिक होता. शेवटची काही मिनिटे उरली होती. आपण बारा, तुम्ही दहा. चेंडू तुमच्याकडे. माझी चार बोटे मिटलेली होती. तेवढ्यात आपली पोरे टँगेटवर रेटा देऊ लागली, म्हणून मी वळलो आणि त्यांना दटावले. पायस सर्वांत पुढे होता. त्याला म्हणालो, "तुझ्या पाठीला पुन्हा खाज सुटली आहे काय?" तो म्हणाला, "मला मागून ढकलतायत, काका. फांद्या टोचतायत त्या माझ्या पोटाला विचारा!" मी पुन्हा वळलो. पाचवी पकड झाली, सहावी झाली. मी हात वर करून मोठ्याने म्हणालो, "सहा! चेंडू आपला!" पण चेंडू आपल्याला मिळालाच नाही. तो जेरोमच्या हाती गेला. डाव्या काखेत. आपले दोघे त्याच्या कमरेला लोंबकळत होते. त्यांना ओढत तो कोपऱ्यापर्यंत आला, माझ्यापासून दोन हातांवर आडवा पडला आणि चेंडू रेषेपलीकडे जमिनीला टेकला, म्हणजे ट्राय, चार गुण. शिट्टी वाजली. चौदा, बारा.

मग ओरडा सुरू झाला. "सातवी! सातव्या पकडीला ट्राय! चोर!" मोरेआ मास्तर पंच होते, ते समुद्रकाठचे आणि शाळेत गणित शिकवतात, तेव्हा लोकांना आयतेच सापडले. "सहापर्यंत मोजता येत नाही अन् आमच्या पोरांना पाढे शिकवतो!" "लाटा मोज जा, लाटा!" आणि या सर्वांवर एक आवाज, पुन्हा पुन्हा: "कैबेलकाकांनी मोजल्यात! न्यायाधीशांनी मोजल्यात!" माझ्या लौकिकाचा असा उपयोग झाला. तेवढ्यात टँगेटची एक फांदी उपटली गेली आणि एक पाय आत पडला. एकच. तो पाय ज्याचा होता तो जमिनीवर पडलेल्या जेरोमवर वाकला आणि जे शब्द आजोळच्या माणसाने कधी उच्चारू नयेत ते त्याने उच्चारले. मी ते एकदाच लिहितो: "आजोळच्या मातीवर चालायला शिकलेला पाय आजोळच्याच तोंडावर पडला. वाळून जावो तो पाय." त्यानंतर त्या एका पायामागून शेकडो पाय आत गेले. दगड, खांब, पूल, कोइमची भुवई. पुढचे तुला ठाऊक आहे.

संध्याकाळी परततानाची वाट मात्र तुला ठाऊक नाही. जिंकणाऱ्यांविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. हरलेली माणसे आपल्याच माणसांना चावतात. "उजव्या टोकाचा तो पोरगा दिवसभर सुपारी चघळतो, धावणार कधी?" "आपल्या पोरांच्या हातात चेंडू दिला की रताळं मिळाल्यासारखे छातीशी धरून बसतात." "पुढच्या वर्षी मी फिरकणारसुद्धा नाही." "गेल्या वर्षीपण हेच बोललास, अन् पहाटेपासून येऊन बसलास." खड्ड्यातले दगड गारच राहिले. डुकरे खुंट्याला ओरडत होती, आणि त्यांना सोडायला कोणी उठेना, कारण सोडणे म्हणजे हरलो हे कबूल करणे. शेवटी तुझ्या आईने सोडली. मग ती माझ्याशेजारी येऊन म्हणाली, "तुमचं मोजणं चुकलं. चौथ्या पकडीनंतर आपल्याच पोरानं हात घालून चेंडू उडवला. मास्तरांनी हात फिरवला, पुन्हा पहिल्यापासून सहा. आम्ही सगळ्या बायकांनी बघितलं. तुम्ही तेव्हा मैदानाकडे पाठ करून पायसवर ओरडत होतात." मी म्हणालो, शेंगा विकणारीने पंचगिरी करू नये. ती म्हणाली, "बरं, मॅजिस्ट्रेटसाहेब." तेव्हापासून ती मला याच नावाने हाक मारते. "मॅजिस्ट्रेटसाहेब, मीठ पुरे का?"

म्हणजे ट्राय खरा होता, हे त्याच संध्याकाळी मला कळले होते. हे तू नीट ध्यानात ठेव. यानंतर जे घडले ते अजाणतेपणी घडलेले नाही.

न्यायालय भरले. मी खुर्चीवर बसलो आणि नियमाप्रमाणे विचारले की टँगेट प्रथम कोणी ओलांडले. सगळे जमिनीकडे बघू लागले. मागून कोणीतरी म्हणाले, "पायस असणार, दुसरा कोण?" हशा झाला. पायस उभा राहिला. तो माझ्याकडे बघत होता, कारण उपटलेली फांदी त्याच्याच खांद्याला घासून गेली होती. मग तो लोकांकडे वळून म्हणाला, "असेन बुवा मी. घ्या माझं नाव. माझ्या पाठीला मैदानाची सवय आहे अन् मैदानाला माझ्या पाठीची." पुन्हा हशा झाला. डोर्कस, मीही हसलो. खोट्या जबानीला मी आयुष्यात प्रथमच हसलो. आणि प्रकरण तहकूब केले. फांदी मी उपटली होती. तो पाय माझा होता. ते शब्द माझ्या तोंडचे होते.

तहकूब या शब्दामागे माणसाला किती काळ लपता येते, ते मी शिकलो. लोक मला पाहून बोलणे बदलत, मी त्यांना पाहून वाट बदलत असे. फादर मोघमपणे म्हणाले, शब्द हा वारा असतो, देव वाऱ्याचा न्याय करत नाही. कोणाविषयी बोलत आहोत हे आम्ही दोघांनीही विचारले नाही. मला बरे वाटायला हवे होते. परंतु ज्या खुर्चीवर बसून मी लोकांना शिकवत आलो की तोंडातून गेलेला शब्द हा हातातून गेलेला दगड आहे, त्या खुर्चीवर बसणाऱ्याला वाऱ्याची सबब चालत नाही.

मग पायस तुमच्या काठाहून तुझा तो निरोप घेऊन आला, आणि जेरोमची बातमी. तो चालतो, लाकडे फोडतो, पण धावायला गेला की डावा पाय जमिनीला खिळतो. आरोग्यकेंद्रातल्या नर्सने दाबून पाहिले, काही सापडले नाही. नव्या हंगामाच्या पहिल्या सामन्याला शहरातल्या मोठ्या संघाची माणसे खास त्याला पाहायला येणार आहेत, आणि पोरगा सराव सोडून कुंपणाशी बसून असतो. पायस दारातच उभा राहिला, बसला नाही. म्हणाला, "पोरगं सांगतं, गोंधळात आवाज ओळखू आला नाही. काका, ज्या आवाजानं त्याला चेंडू काखेत धरायला शिकवलं, तो आवाज ओळखू आला नाही म्हणतं." तो पुढे म्हणाला, "पुन्हा हंगामभर पाठ करून बसायला माझी ना नाही. मी गंमत करीन, लोक हसतील. पण शाप उतरावा म्हणून पोराचा पाय धुवायला मला बोलावतील ना, तेव्हा काय करू? जो शब्द माझा नाही तो मी परत कसा घेऊ? तुम्हीच सांगा, नियम काय म्हणतो?"

काल न्यायालय पुन्हा भरले. मी खुर्चीवरून उठलो आणि आरोपी उभा राहतो तिथे, चिखलात, जाऊन उभा राहिलो. नाव, वय, हुद्दा सांगितला आणि सर्व सांगितले. मोजण्यातली चूकही सांगितली. कोणी हसले नाही. हसले असते तर सोपे गेले असते. मोरेआ मास्तर मागे बसले होते, त्यांची मी नाव घेऊन माफी मागितली. दुय्यम न्यायाधीश पोरोम जमिनीकडे बघत पुटपुटला, "काका, वयाकडं बघून एक डुक्कर लावू." मी म्हणालो, डुक्कर वडील देतात आणि मस्ती पोरे करतात म्हणून हा नियम केला, इथे वडीलही मीच आणि मस्तीही माझीच, तेव्हा नियमाप्रमाणे बोल. तो बोलला. सबंध हंगाम, पहिली रांग, मैदानाकडे पाठ. बाहेर पडताना पायस जवळ आला आणि हळूच म्हणाला, "डावीकडची जागा धरा काका. तिथं ऊन पाठीवर येतं, बरं वाटतं."

आता हे पत्र कशासाठी लिहिले ते. रविवारी प्रार्थना झाल्यावर मी आपल्या झऱ्याचे पाणी बांबूच्या नळीत भरून पुलाच्या मधोमध येईन. तू जिथे उभी राहून ओरडलीस, तिथपर्यंतच. त्यापुढे येण्याचा अधिकार मला राहिलेला नाही. तू जेरोमला घेऊन यावेस. सर्वांच्या देखत मी वाकून त्याचा डावा पाय धुवीन आणि माझा शब्द माझ्या तोंडाने परत घेईन. त्यानंतर माहेर मेले की जिवंत आहे हे तूच ठरव, मी अपील करणार नाही. शब्द वारा असेल तर पाण्याने काही बिघडणार नाही, आणि दगड असेल तर तो ज्याने फेकला त्यानेच उचलला पाहिजे. एवढा माझा अर्ज होता. पण लिहिताना लक्षात आले की आणखी एक आहे. पोरगा पहिल्या सामन्याला धावेल. शहरातली माणसे बघतील, दोन्ही काठ बघतील, आणि मी शेंगावाल्या बायकांचे चेहरे बघत बसेन. पायसला आवाजावरून सामना कळायचा. माझा कान आता तेवढा राहिलेला नाही. माझ्या शेजारची जागा रिकामी असेल. तू मैदानाकडे तोंड करून तिथे बसशील काय? माझ्याशी बोलायचे नसेल तर बोलू नकोस. त्याने चेंडू डाव्या काखेत घेतला आणि तो धावू लागला, की माझ्या पाठीवर फक्त हात ठेव. मला समजेल.

तुझाच,
बाबा

समक्ष साक्षीदार: मिंगाल, माझी पत्नी, जिने सर्व मजकूर वाचून घेतला आणि "या खेपेला मोजणं बरोबर आहे" एवढेच म्हटले. पायस, माझा पुतण्या, ज्याच्यावर आळ येऊ दिला गेला, आणि जो हे पत्र पुलापलीकडे पोचवील. तिसरा साक्षीदार येथे हजर नाही व त्याची सही घेता आलेली नाही: जेरोम, वय एकोणीस, तुझा मुलगा, ज्याने सर्व पाहिले, सर्व ऐकले, आणि आजतागायत नाव घेतले नाही.